भगुनं जमिनीवर होतं : ऊसतोड कुटुंबातल्या एका दुखापतीचा प्रकरण अभ्यास

रुग्ण मुलगी, वय अडीच वर्षं, वजन साडेनऊ किलो. उकळत्या पाण्याने भाजलेली. दोन्ही कुल्ले, मांड्यांची मागची बाजू आणि डाव्या गुडघ्याची लवण, मिळून शरीराचा सुमारे १५ टक्के भाग. दुखापतीनंतर जवळपास तीस तासांनी मोठ्या दवाखान्यात दाखल. केसपेपरवर कारण लिहिलंय : 'खेळताना गरम पाण्यात पडली.' त्याखाली वेगळ्या अक्षरात दोन शब्द आहेत : 'पालकांचे दुर्लक्ष'.

पहाटे साडेतीनला कोणतं मूल खेळत असतं, हे पहिली ओळ लिहिणाऱ्याने विचारलेलं दिसत नाही. पण ते सोडून देऊ. हा लेख दुसऱ्या ओळीबद्दल आहे. 'दुर्लक्ष' हा शेरा भाजलेल्या, बुडालेल्या, यंत्रात हात गेलेल्या मुलांच्या कागदांवर इतक्या वेळा येतो की तो निदानासारखा वापरला जातो. आणि निदान झालं की शोध थांबतो.

ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन घरांचे तपशील एकाच घराचे म्हणून मांडले आहेत. गावाचं, कारखान्याचं, दवाखान्याचं नाव दिलेलं नाही.

घर

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावरचं गाव. सव्वा एकर कोरडवाहू रान, तेही सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाने. पावसाळ्यात कापूस, बाकी मजुरी, आणि दिवाळी झाली की कोयता, म्हणजे ऊसतोड. आई २४ वर्षांची, बाप २७. थोरली मुलगी आठ वर्षांची, मधला मुलगा पाचचा, धाकटी ही. वयांची वजाबाकी केली की आईचं लग्न अठराच्या किती आधी झालं ते कळतं. त्याचाही संबंध कोयत्याशीच आहे : नवरा-बायकोची जोडी झाली तर पूर्ण कोयता धरतात, एकट्या माणसाचा अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्याच हिशेबाने मिळते.

या हंगामाची उचल ८० हजार. त्यातली मोठी रक्कम मागच्या वर्षीच्या बाकीत वळती झाली, काही सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली. सासू गावी राहिली ती त्यामुळेच. एरवी ती टोळीबरोबर येते आणि कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, लेकरं सांभाळते. या प्रकरणातली पहिली घटना म्हणून मी ते ऑपरेशन लिहीन. गरम पाण्याचं भगुनं त्यानंतरचं.

टोळी वीस कोयत्यांची. मुक्काम गोदाकाठच्या कालव्याखालच्या उसात. बीडचे तोडकरी म्हटलं की कोल्हापूर-सांगली किंवा कर्नाटक डोळ्यांसमोर येतं, पण मराठवाड्यातल्या कारखान्यांवरही याच लोकांच्या कोपी पडतात. कोप म्हणजे बांबूच्या कामट्यांवर टाकलेली ताडपत्री, कडेने पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आत एकच खोली. चूल म्हणजे तीन दगड. उज्ज्वलाचा गॅस आहे, पण तो गावी सासूजवळ. पाणी टँकरचं, २०० लिटरच्या दोन पिंपांत, तीन कोपींत मिळून.

ती पहाट

रोजचा क्रम ठरलेला : चारला उठायचं, आधण ठेवायचं, भाकऱ्या थापायच्या, उजाडता उसाच्या फडात. त्या रात्री ट्रॅक्टर तीनलाच फडाशी येऊन लागला. गाडी भरायला उशीर झाला की कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर मागे पडतो आणि मुकादमाची, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराची, बोलणी खावी लागतात. नवरा पुढे गेला. आईने तोवर मोठं भगुनं चुलीवर चढवलं होतं. पाणी उकळलं आणि तेवढ्यात हाक आली.

इथे तिने जे केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. चूल पेटती ठेवून गेली असती तर पाचटाला जाळ लागून कोप पेटायची भीती होती. मागच्या हंगामात शेजारच्या टोळीत तसं झालेलं तिला माहीत होतं. म्हणून तिने लाकडं ओढून विझवली, भगुनं उतरवून कोपीतच कोपऱ्यात ठेवलं. बाहेर का नाही ठेवलं? कुत्री तोंड घालतात. झाकण होतं, पण ते परातीचं, नुसतं वर टेकवलेलं. थोरलीला हलवून 'बारकीकडं बघ' म्हणाली आणि मोळ्या वाहायला गेली. थोरली 'हो' म्हणून परत झोपली. मोबाईलची बॅटरी नवऱ्याबरोबर गेलेली होती. दुसरा उजेड कोपीत नव्हता.

धाकटी उठली, अंधारात आईला चाचपडत मागे सरकली आणि भगुन्यात बसली.

उकळून उतरवलेलं पाणी बराच वेळ घातक राहतं. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलाची कातडी पातळ, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. त्यात थंडीमुळे तिच्या अंगात लोकरीची विजार होती. भिजलेली लोकर उष्णता धरून ठेवते, आणि ती काढायची हे आठ वर्षांच्या मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिने बहिणीला ओढून बाहेर काढलं आणि एक तांब्या पाणी ओतलं. तेवढ्यात शेजारच्या कोपीतली म्हातारी आली. 'पाणी घालू नगं, फोड येतेत,' म्हणाली आणि टूथपेस्ट फासली.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडायचं, हा प्रथमोपचार आता सगळीकडे सांगितला जातो. तो बरोबर आहे आणि पहिल्या तीन तासांत कधीही केला तरी उपयोगी पडतो. बर्फ नको, पेस्ट नको, हळद नको, शाई नको. पण बारीक धारेनेही वीस मिनिटांना दोन-तीन हंडे पाणी लागतं. पहाटे त्या पिंपांच्या तळाशी जेमतेम एक हंडा होता. नळ असलेल्या घरासाठी लिहिलेला सल्ला आपण कोपीत वाचून दाखवतो.

तीस तास

गाडी भरून झाल्यावर, साडेसहाच्या सुमारास, बापाने मुलीला मोटारसायकलवरून बाजारच्या गावी नेलं. तिथल्या खाजगी डॉक्टरने इंजेक्शन दिलं, मलम लावून पट्टी बांधली, नऊशे रुपये घेतले. मोठा दवाखाना सत्तर किलोमीटरवर. 'लई काही नाही, उद्या दाखवा,' हे ऐकायला बरं वाटलं, कारण उद्या म्हणजे आजचा खाडा वाचला. कामावर न गेलेल्या दिवसाचे पैसे तर बुडतातच, वर मुकादम दंडाची रक्कम बाकीत चढवतो. त्याला खाडा म्हणतात. एका टनाच्या तोडणीला साडेतीनशेच्या वर काही रुपये मिळतात, एक जोडी दिवसाला दोनेक टन तोडते. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची कमाई शून्य आणि दंड वेगळा.

लहान मुलाचं १० टक्क्यांहून जास्त अंग भाजलं की शिरेतून सलाईन लागतं, हा वॉर्डातला साधा नियम. मुलाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का, असा अंदाज करतात. या मुलीचे पंधरा तळहात भरले असते. अंगातलं पाणी जखमेतून झिरपत राहतं आणि पहिले चोवीस तास सगळ्यात महत्त्वाचे असतात. ते तिने कोपीत काढले. दुसऱ्या दिवशी ताप, ओकाऱ्या, लघवी नाही. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून १०८ ची गाडी, आणि वॉर्ड.

ती वाचली. संसर्ग झाला, तो आटोक्यात आला. तिसऱ्या आठवड्यात मांडीच्या न भाजलेल्या भागाची कातडी काढून ग्राफ्ट बसवला, तो बऱ्यापैकी धरला.

बाप चौथ्या दिवशी फडावर परतला. बायको दवाखान्यात म्हणजे त्याचा अर्धा कोयता झाला होता. थोरली आणि मधला शेजारच्या कोपीत.

कागदांचं वेगळंच. मुलगी जन्मली ती मागच्या एका हंगामात, दुसऱ्या जिल्ह्यात. जन्माची नोंद तिकडे, दाखला कुणी आणलेला नाही. दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन कार्डावर नाव नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्याचे उपचार बसतात आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण योजनेला मूल आधी कागदावर दिसावं लागतं. सरकारी दवाखान्यात त्यावाचून उपचार अडले नाहीत. अडलं ते नंतरचं : स्प्लिंट, घट्ट बसणारे दाबकपडे, जे बाहेरून आणावे लागतात.

गुडघा

पाचव्या आठवड्यात सुट्टी झाली. सूचना स्पष्ट होती : डावा पाय सरळ ठेवणारी स्प्लिंट रात्रंदिवस, रोज व्यायाम, दर पंधरा दिवसांनी दाखवायला. आई गावी न जाता फडावर गेली, कारण जोडी पुरी झाल्याशिवाय बाकी फिटत नाही. स्प्लिंटचे पट्टे महिन्यात तुटले. दवाखान्याची फेरी म्हणजे एसटीभाडं आणि एक खाडा. ती एकदाच आली.

मे महिन्यात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुलगी परत आली तेव्हा डावा गुडघा चाळीसेक अंशांत आखडलेला. ती चवड्यावर लंगडत चालत होती. व्रण आकसतो, सांध्यावरचा व्रण सांधा ओढून घेतो. वाढत्या हाडावर तर आणखीच. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ग्राफ्ट.

माझ्या मते या प्रकरणात दोन दुखापती आहेत. एक उकळत्या पाण्याने साडेतीन वाजता केली. दुसरी जानेवारी ते मे या काळात सावकाश झाली आणि तिला पाण्याचा थेंबही लागला नाही. अपंगत्व आलं ते दुसरीमुळे, आणि 'पालकांचे दुर्लक्ष' हा शेरा त्या दुसरीच्या कितीतरी आधी लिहून झाला होता.

दुर्लक्षाचा हिशेब

अमेरिकन डॉक्टर विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास दुखापतीकडे बघायची एक चौकट मांडली. घटनेच्या आधी, घटना घडताना आणि घटनेनंतर, असे तीन टप्पे. प्रत्येक टप्प्यात माणूस, इजा करणारी वस्तू आणि परिसर यांचा विचार. रस्ते अपघातांसाठी ती गाजली, पण कोपीलाही लागू पडते. या चौकटीत वरची हकीकत बसवली की तक्त्यातल्या 'आईचं लक्ष' या एकाच घरावर आपण बोट ठेवतो हे दिसतं, आणि बाकीची घरं भरलेली असूनही कुणी वाचत नाही : सासूची गैरहजेरी, जमिनीवरची चूल, पाचट, अंधार, लोकरीची विजार, रिकामं पिंप, सत्तर किलोमीटर, खाडा, दाखला.

आता लातूरमधला एखादा दोन खोल्यांचा फ्लॅट घ्या. तिथल्या आईचीही नजर चुकते. फोन येतो, कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येतं. पण गॅस ओट्यावर, अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या वर. आंघोळीचं पाणी गिझरमधून थेट बादलीत. बटण दाबलं की उजेड. आणि तरीही चहा अंगावर सांडलाच तर नळ आहे, गाडी आहे, वीस मिनिटांवर बालरोगतज्ज्ञ आहे, बापाला रजा आहे. त्या घरात चूक आणि इजा यांच्यामध्ये पैशाने विकत घेतलेलं अंतर असतं. कोपीत ते अंतर नाही, म्हणून तिथे प्रत्येक चुकीची इजा होते. दोन्ही आयांच्या लक्षात फरक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

हे एका टोळीपुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००८ च्या अहवालाने सांगितलं की दररोज दोन हजारांहून अधिक मुलं अपघाती दुखापतींनी मरतात आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत. श्रीमंत देशांच्या आतही उतरंड तशीच. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००१ ते २००३ च्या मृत्यूंवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला : ज्यांच्या आईवडिलांनी कधी नोकरीच केलेली नाही किंवा जे दीर्घकाळ बेकार आहेत, त्या मुलांचा दुखापतींनी होणारा मृत्युदर वरिष्ठ अधिकारी-व्यावसायिकांच्या मुलांच्या १३ पट होता, घराला लागलेल्या आगींत तर ३७ पट. तिकडे दवाखाना फुकट आणि जवळ असूनही ही स्थिती. घटनेच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे घरात आणि रस्त्यावरच, बरंच काही ठरून गेलेलं असतं.

नंतरच्या टप्प्याबद्दल वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं : ज्याला उपचारांची गरज जास्त, त्याच्या वाट्याला चांगले उपचार कमी. डावा गुडघा हे त्याचं उदाहरण.

मात्र 'गरीब म्हणजे जास्त जखमा' असं सरळ सूत्रही खरं नाही. खरचटणं, सायकलवरून पडून हात मोडणं, अशा किरकोळ दुखापतींत वरच्या आणि खालच्या थरात फारसा फरक दिसत नाही. कधी उलटंही दिसतं, कारण सायकल असावी लागते आणि हात दुखतो म्हणून एक्स-रे काढायला पैसे असावे लागतात. उतरंड ठळक होते ती जीवघेण्या आणि कायमच्या दुखापतींत. काही धोके तर मालमत्तेबरोबर येतात. मराठवाड्यात २०१६ नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून तळी झाली. प्लास्टिकच्या अस्तरावरून पाय निसटला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तळं ज्याच्याकडे रान आहे त्याच्याकडेच असतं. तरी कुंपण आणि दोर बांधायचा खर्च करणारा मालक स्वतःच्या पोराला सांगून ठेवतो. सालगड्याच्या पोराला कोण सांगतं, हा पुढचा प्रश्न आहेच.

दहा रुपये

या प्रकरणावर वॉर्डात बोलणं झालं तेव्हा पहिली सूचना आली जनजागृतीची : 'मुलांकडे लक्ष द्या' असा फलक कोपींवर लावावा. माझा त्याला विरोध आहे. आईने तो वाचला असता आणि गाडी भरायला गेलीच असती. आम्ही तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'मॅडम, फडात बी मीच अन् कोपीवर बी मीच, कसं व्हावं?'

लक्ष देणं हे काम आहे आणि कामाला माणूस लागतो. बांगलादेशात बुडून मरणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं. एक ते चार वर्षांची मुलं सकाळी काही तास गावातल्याच एका बाईच्या देखरेखीखाली बसवायला लागल्यावर त्या मुलांतले मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले. तिथे आयांना उपदेश केला नाही, तासांची सोय केली. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला बसवून तिला मजुरी द्यायची तरतूद केली. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त स्त्री कामगार असल्या की पाळणाघर सक्तीचं होतं. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, मुकादमाच्या वहीत आहे, आणि तीही बहुधा नवऱ्याच्या नावाखाली.

खर्च किती? वीस कोयते, रोज चाळीसेक टन ऊस. एका बाईला दिवसाला चारशे रुपये दिले तर टनामागे दहा रुपये पडतात. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, टनाला ३,४०० रुपये होती. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहेच. म्हणजे आकडा कुणाला अपरिचित नाही.

नुकसानभरपाईचा प्रयत्न आम्ही केला. गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाची शेतकरी अपघात योजना दहा वर्षांवरच्यांसाठी. विद्यार्थ्यांची अपघात अनुदान योजना पहिली ते बारावीसाठी. मूल अडीच वर्षांचं असेल तर दोन्ही दारं त्याच्या डोक्यावरून जातात, आणि उकळत्या पाण्याने भाजण्याचं वय तर हेच.

सध्याची स्थिती

दुसऱ्या ऑपरेशननंतर गुडघा जवळजवळ सरळ होतो. मूल वाढतंय, त्यामुळे पुन्हा ओढ बसली का हे काही वर्षं बघत राहावं लागेल. जन्मदाखला आणला, रेशन कार्डावर नाव चढलं. उचलीतली बाकी खाड्यांसकट पुढच्या वर्षावर गेली, म्हणून दिवाळीनंतर कोयता धरणं भाग आहे. मुलीला दर महिन्याला दाखवायचं असेल तर तिने गावी राहायला हवं, पण सासूला एका डोळ्याने अजून नीट दिसत नाही.

शाळेतल्या बाईंनी थोरलीचं नाव गावातल्या हंगामी वसतिगृहात घातलं आहे. आईबाप फडावर असताना मुलं गावात राहून शिकावीत यासाठीच ते असतं, आणि ती तिसरीत जाणार आहे. ती तिथे राहिली तर कोपीवर पाच वर्षांचा भाऊ आणि ही, एवढेच उरतील. बापाचं म्हणणं, या वर्षी थोरलीला बरोबर न्यावं, पुढच्या वर्षी शाळा बघू. आई म्हणते, शाळाच. वसतिगृहाच्या यादीत नाव पक्कं करायची मुदत संपायची आहे. मुकादमाला विचारून पाहिलं की शेजारच्या म्हातारीला टोळीच्या खर्चाने कोपींवर बसवता येईल का. तो म्हणाला, वीसच्या वीस कोयत्यांनी होकार दिला तर बघतो. आतापर्यंत अकरा जण तयार आहेत. ज्यांच्याबरोबर लहान मूल नाही, त्यांच्याशी बोलणं सुरू आहे.